तलाव, बोडी, टाकी, रणगाडा : अनेकार्थी शब्दाच्या अनुवादाविषयी

अनेक विद्यापीठांच्या पदव्युत्तर मराठी अभ्यासक्रमात अनुवादविद्येला आता स्थान मिळाले आहे. भाषांतर, अनुवाद आणि रूपांतर यांतील भेद, अनुवादाचे प्रकार, अनुवादकाने पाळावयाची पथ्ये यांविषयी आपले विद्यार्थी पानेच्या पाने लिहितात. परंतु त्याच विद्यार्थ्यासमोर दहा ओळींचा इंग्रजी उतारा ठेवला की त्याचा हात प्रथम कोशाकडे जातो. कोशात एका इंग्रजी शब्दापुढे स्वल्पविरामांनी तोडलेले चार-पाच मराठी शब्द दिसतात, आणि त्यांतील पहिला शब्द तो उचलतो. उत्तरपत्रिका तपासणाराही बहुधा तोच कोश उघडून बसलेला असतो. त्यामुळे गुण मिळतात आणि प्रश्न तेथेच मिटतो. तो असा मिटू नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

माझे म्हणणे असे आहे की, अनेकार्थी इंग्रजी शब्दाचा योग्य मराठी प्रतिशब्द कोशात नसतो. तेथे उमेदवार तेवढे असतात. त्यांच्यातून निवड करण्यासाठी वाक्य पाहावे लागते, वाक्यामागची वस्तू पाहावी लागते, आणि ती वस्तू ज्या प्रदेशात आहे तो प्रदेशही पाहावा लागतो. यांतील पहिल्या गोष्टीविषयी आपण थोडेफार बोलतो, दुसरीविषयी क्वचित बोलतो, आणि तिसरीविषयी जवळजवळ बोलतच नाही. उदाहरणादाखल मी एकच शब्द घेणार आहे : 'टँक'. तो घेण्याचे कारण उघड आहे. हा लेख तुमसरहून लिहिला जात आहे. भंडारा जिल्ह्याची ओळख 'तलावांचा जिल्हा' अशी आहे, आणि या जिल्ह्याविषयी इंग्रजीत जे लिहिले गेले त्यात हा शब्द पावलोपावली येतो.

शब्दाची कुळकथा प्रथम पाहू, कारण ती आपल्याच अंगणातून जाते. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली सिद्ध केलेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशात या शब्दाची दीर्घ चर्चा आहे. एकीकडे गुजराती-मराठीतील 'टांके', 'टाके' हे शब्द आणि दुसरीकडे पोर्तुगीजांचा 'तांक' असा तो पेच आहे. पोर्तुगीज शब्दाचे मूळ पाणी अडविणे, थोपविणे या अर्थाच्या धातूत शोधतात. दोन्ही प्रवाह पश्चिम किनाऱ्यावर एकमेकांत मिसळले असावेत आणि तेथून इंग्रजांनी हा शब्द उचलला असावा, असे मानण्यास जागा आहे. म्हणजे ज्याचे मराठीकरण करण्यासाठी आपण कोश चाळतो, तो शब्द निदान अंशतः आपल्याच घरचा आहे. गडावरचे खडकात खोदलेले पाण्याचे 'टाके' आपण आजही त्याच नावाने ओळखतो.

इंग्रजांच्या तोंडी मात्र त्याचा अर्थ पसरत गेला. हिंदुस्थानात त्यांना जे जे साठलेले पाणी दिसले ते ते 'टँक' झाले. देवळापुढची पुष्करिणी, शहरातला हौद, गावाबाहेरचे तळे, डोंगराच्या कुशीत पाळ घालून अडविलेला कोसभर विस्ताराचा तलाव, या सर्वांना एकच नाव मिळाले. पुढे विलायतेत लोखंडी पत्र्याच्या बंदिस्त भांड्यालाही तेच नाव रूढ झाले. पहिल्या महायुद्धात साखळीपट्ट्यांवर चालणारे चिलखती वाहन तयार करताना गुप्तता राखण्यासाठी, या पाण्याच्या टाक्या आहेत असे भासविण्यात आले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर ती वाहने प्रथम उतरली तेव्हा ते बनावट नावच त्यांना कायमचे चिकटले. मराठीने त्याला 'रणगाडा' म्हटले, आणि फार चांगले केले. या शब्दाने मूळ शब्दाकडे ढुंकूनही पाहिले नाही. सरळ वस्तूकडे पाहिले. युद्धावर चालणारा गाडा तो रणगाडा. ज्याने कोणी तो घडविला त्याला अनुवादाचे मर्म कळले होते, असे म्हणावे लागेल.

पेट्रोल पंपावर आपण 'टाकी भरा' म्हणतो, घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते. तेथेही काही अडचण नाही. खुद्द 'टाकी' हा शब्दही अनेकार्थी आहे. पाथरवटाची छिन्नी तीही टाकीच. टाकीचे घाव सोसल्यावाचून दगडाला देवपण येत नाही, ही म्हण त्याच टाकीची. परंतु कोणीही मराठी माणूस या दोन टाक्यांत गोंधळत नाही. गोंधळ होतो तो परभाषेतून येताना, कारण तेव्हा आपण वस्तू सोडून शब्दाशी व्यवहार करू लागतो.

शब्दाला अनेक अर्थ असतील तर त्यांतील एक कसा निश्चित होतो, हा प्रश्न आपल्या परंपरेत जुना आहे. 'सैंधव' शब्दाचे उदाहरण साहित्यशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते : जेवणाच्या पानावर बसलेल्याने मागितले तर मीठ आणावयाचे, प्रवासाला निघालेल्याने मागितले तर घोडा. भर्तृहरीने 'वाक्यपदीया'च्या दुसऱ्या कांडात अर्थनिश्चितीची जी साधने सांगितली ती पुढे मम्मटादी आलंकारिकांनी शब्दशक्तीच्या विवेचनात घेतली. संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण, अन्य शब्दाचे सान्निध्य, सामर्थ्य, औचित्य, देश, काल अशी ती यादी आहे. आपण ती काव्यशास्त्राच्या पत्रिकेसाठी शिकवतो, विद्यार्थी ती पाठ करतो, आणि अनुवादाच्या पत्रिकेला बसताना ती घरी ठेवून येतो. दोन पत्रिकांच्या मध्ये आपण जी भिंत उभी केली आहे तिचा हा परिणाम होय. वस्तुतः या यादीइतके अनुवादकाच्या कामाचे साधन पाश्चात्त्य अनुवादमीमांसेतही सहजी हाती लागत नाही. तीतला 'देश' हा शब्द मला आजच्या चर्चेसाठी विशेष महत्त्वाचा वाटतो. भर्तृहरीला अभिप्रेत असलेला देश म्हणजे उच्चारलेल्या वाक्यातील स्थळाचा निर्देश. त्याला थोडे ताणून मी प्रदेश असा अर्थ करीत आहे. हे ताणणे अन्यायाचे होणार नाही, अशी आशा आहे.

आता भंडाऱ्याकडे येऊ. १९०८ साली या जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटिअर निघाले. तेव्हाचा भंडारा जिल्हा म्हणजे आजचे भंडारा आणि गोंदिया हे दोन्ही जिल्हे; गोंदिया १९९९ साली वेगळा झाला. धानाची शेती, वैनगंगेचे खोरे आणि पाण्याने भरलेले तलाव हे या भूमीचे रूप. पूर्व विदर्भात मालगुजारीच्या काळातील असे साडेसहा हजारांवर तलाव मोजले गेले आहेत. ते बांधण्यात कोहळी समाजाचे कौशल्य विख्यात आहे. इंग्रज अधिकाऱ्याने हे सारे पाहिले आणि लिहिले : टँक, टँक, टँक. त्याची त्यात चूक नाही. त्याच्या भाषेत त्या वस्तूसाठी तेवढाच शब्द होता.

परंतु येथील शेतकऱ्याच्या भाषेत तेवढाच नव्हता. तलाव वेगळा आणि बोडी वेगळी. तलाव मोठा, तो बहुधा मालगुजाराने बांधलेला किंवा त्याच्या ताब्यातला, पण त्याच्या पाण्यावर गावाचा वहिवाटीचा हक्क असे. बोडी लहान, ती बहुधा एखाद्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीत, उताराच्या वरच्या अंगाला पाळ घालून केलेली, आणि तिचे पाणी खालच्या बांध्यांना मिळावयाचे. येथे 'बांधी' म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेला धानाचा तुकडा, हे पश्चिमेकडील वाचकांसाठी सांगावयास हवे. तलावाच्या पाळीला झाडीत 'पार' म्हणतात. पुण्याकडचा वाचक तो शब्द वाचून वडाचा पार डोळ्यांपुढे आणील. पाणी सोडण्याच्या मोरीला 'तुडूम' म्हणतात. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की उघड्या पडलेल्या गाळात पीक घ्यावयाचे ती 'गाळपेर'. इंग्रजी लेखक याला तलावाच्या 'बेड'मधील लागवड म्हणेल. अंथरूण, खाट, वाफा, नदीचे पात्र, खडकाचा थर अशा अर्थांच्या त्या 'बेड' शब्दावर अडखळून विद्यार्थी 'तलावाच्या पात्रातील शेती' असे काहीतरी लिहील. त्याला गुणही मिळतील. आणि 'गाळपेर' हा शब्द, जो त्याचा आजोबा रोज बोलत होता, तो त्या उत्तरपत्रिकेत कोठेही येणार नाही.

मला येथे जे म्हणावयाचे आहे ते असे. इंग्रजी गॅझेटिअर हे एका अर्थाने स्वतःच अनुवाद आहे. तलाव आणि बोडी या दोन मराठी वस्तूंचा त्या अधिकाऱ्याने एका शब्दात अनुवाद केला. दोन धागे एकत्र पिळले. आपण तो मजकूर मराठीत आणतो तेव्हा आपले काम त्या पिळाला मराठी नाव देण्याचे नसून तो पीळ उलगडण्याचे असते. कोणता 'टँक' तलाव आणि कोणता बोडी, हे वाक्यातील क्षेत्रफळावरून, मालकीच्या उल्लेखावरून, गावाच्या नावावरून ओळखावे लागते. प्रसंगी गावात जाऊन विचारावे लागते. कोश येथे मुका आहे. मूळ इंग्रजी शब्दाशी प्रामाणिक राहणारा अनुवादक येथे मूळ वस्तूशी अप्रामाणिक ठरतो.

ही केवळ शब्दांची हौस नव्हे. जुन्या मध्य प्रांतातील महसुली व्यवस्थेत गावकऱ्यांचे सामाईक हक्क 'निस्तार' या नावाने ओळखले जात. गुरांना पाणी, जळण, चराई, वहिवाटी वाटा यांचा त्यात समावेश होई. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही निस्तार-पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची कलमे आहेत. तलाव म्हटले की त्याच्याशी गावाचा निस्तार निगडित होतो. बोडी म्हटले की प्रश्न एका खातेदाराचा होतो. जुने इंग्रजी कागद मराठीत आणणाराने दोहोंना 'जलसाठा' म्हटले तर भाषा शुद्ध दिसेल, परंतु हक्क कोणाचा हे त्या शब्दातून वाचता येणार नाही. 'जलसाठा', 'जलाशय', 'जलस्रोत' हे शब्द मला या कारणाने संशयास्पद वाटतात. ते कोठेही चालतात, आणि कोठेही चालणारा शब्द अनुवादकाला विचार करण्यापासून सोडवतो.

'एक्स-मालगुजारी टँक' या संज्ञेचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. हा भाग मध्य प्रदेशात असताना १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. १९५१ पासून ते तलाव सरकारकडे आले. मराठीत 'माजी मालगुजारी तलाव' असा शब्दप्रयोग रूढ झाला. येथे माजी झाली ती मालगुजारी. तलाव बिचारा आहे तेथेच आहे. तथापि समासाची रचना अशी की प्रथमदर्शनी तलावच माजी झालासा वाटतो. पुढे कार्यालयीन लघुरूप झाले 'मामा तलाव'. वृत्तपत्रांनी ते उचलले, लोकांनीही स्वीकारले. शंभर वर्षांनी एखादा संशोधक या तलावांचा संबंध कोणा मामाशी जोडून लोककथा शोधू लागला तर त्याला दोष देता येणार नाही. 'जुने मालगुजारी तलाव' म्हटले असते तर भागले असते.

याच्या उलट, वस्तू पाहून घडविलेले शासकीय शब्दही आहेत, आणि त्यांचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. 'परकोलेशन टँक'ला 'पाझर तलाव' हा प्रतिशब्द मिळाला. पाणी भूगर्भात पाझरते, म्हणून पाझर तलाव. 'फार्म पाँड'साठी 'शेततळे' आले तेही असेच सहज. मात्र भंडाऱ्यातील बोडीला शेततळे म्हणावयाचे की काय, हा प्रश्न उरतोच. शेततळे प्रामुख्याने खोदलेले असते आणि त्यातील पाणी बहुधा उपसून द्यावे लागते. बोडी पाळीने अडविलेली असते आणि तिचे पाणी उताराने खाली जाते. दोन्ही शब्द मराठीच, दोन्ही चांगले. पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

मराठीतील सर्वांत प्रसिद्ध 'टँक' कोणता, असे विचारले तर माझे उत्तर महाडचे चवदार तळे असे राहील. इंग्रजी ग्रंथांत ते 'चवदार टँक' म्हणूनच येते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे पाणी प्राशन केले. न्यायालयीन लढाई मुंबई उच्च न्यायालयाच्या १९३७ च्या निकालाने त्यांच्या बाजूने संपली. या इंग्रजी ग्रंथांचा अनुवाद करताना आजवर कोणाही विद्यार्थ्याने 'चवदार टाकी' लिहिल्याचे मी पाहिलेले नाही. का? कोश तर तोच असतो. कारण त्या तळ्याचा इतिहास विद्यार्थ्याला ठाऊक असतो. वस्तू आधी आणि शब्द नंतर असा क्रम तेथे आपोआप लागतो. भंडाऱ्याच्या मुलाला महाडचे तळे नीट ओळखता येते आणि स्वतःच्या गावची बोडी इंग्रजी पानावर ओळखता येत नाही, ही स्थिती चिंतनीय आहे. १९२३ साली मुंबई विधिमंडळात संमत झालेल्या बोले ठरावातील इंग्रजी शब्दांसाठी मराठीत 'सार्वजनिक पाणवठे' हा शब्द रूढ झाला, तोही मला आदर्श वाटतो. त्या काळच्या इंग्रजीत तोच शब्दप्रयोग हवा पालटण्यासाठी जाण्याच्या स्नानस्थळांनाही लावीत असत. तेथे कोशातला पहिला अर्थ उचलला असता तर काय झाले असते, याची कल्पनाच करावी.

क्वचित अनुवाद न करणे हेच योग्य ठरते. मुंबईत 'धोबी तलाव' आहे आणि 'गवालिया टँक'ही आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'छोडो भारत'ची हाक दिली गेली ते गवालिया टँक मैदान. तेथे तळे कधीच बुजून गेले होते. आज ते ऑगस्ट क्रांती मैदान आहे. त्या विशेषनामातील 'टँक' ना तलाव आहे ना टाकी. तो त्या जागेच्या नावाचा अवयव आहे. अनुवादकाने त्याला हात लावू नये.

एका शब्दाची अशी वाटणी करण्याची गरज मराठीलाच पडते असे नाही. सोस्यूरने फ्रेंच 'मूताँ' आणि इंग्रजी 'शीप' यांचे दिलेले उदाहरण भाषाविज्ञानाच्या वर्गात आपण सांगतोच : फ्रेंचमध्ये जिवंत मेंढी आणि तिचे मांस यांना एक शब्द, इंग्रजीत दोन, म्हणून अर्थ जुळला तरी दोन शब्दांचे मूल्य सारखे नाही. स्पॅनिशमध्ये शिरणाऱ्या इंग्रजी 'फिश'चीही अशीच वाटणी होते. पाण्यात पोहणारा मासा 'पेस', आणि पकडून बाजारात वा ताटात आलेला 'पेस्कादो'. आपल्या किनाऱ्यावरच्या 'मासा' आणि 'मासळी' या जोडीत त्याची थोडी छटा सापडते. आणि 'टँक' स्पॅनिशमध्ये गेला की युद्धाचा 'तांके', मोटारीतील इंधनाचा 'देपोसितो', बागेतल्या तळ्याचा 'एस्तांके' असा तीन दिशांना जातो. त्यातही देशभेद आहेच. लॅटिन अमेरिकेत इंधनाच्या टाकीलाही सर्रास 'तांके' म्हणतात. माद्रिदचा शब्द मेक्सिकोत चालेलच असे नाही, हे तेथील अनुवादकाला शिकवावे लागत नाही. पुण्याचा शब्द तुमसरला चालेलच असे नाही, हे मात्र आपल्याकडे अजून शिकवावे लागते.

याचे उत्तम उदाहरण धानाचे. तुमसर ही धान-तांदळाची पेठ. येथे शेतात असते ते आणि बाजारात पोत्यातून येते ते धान. गिरणीतून निघतो तो तांदूळ. आणि ताटात वाढतात तो भात. इंग्रजीत शेतापासून ताटापर्यंत सारे 'राइस' म्हटले तरी चालते. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात पिकालाही भातच म्हणतात. त्यामुळे क्रमिक पुस्तकांत आणि कृषिविषयक अनुवादांत 'भाताची लावणी' येते. आमच्याकडे होते ती धानाची रोवणी. 'लावणी' शब्दाने येथील पोराला काय आठवते ते सांगावयास नको! दोन्ही प्रयोग मराठी आहेत आणि मी एकाला शुद्ध व दुसऱ्याला अशुद्ध म्हणत नाही. माझा आक्षेप एवढाच की, 'राइस'पुढे 'भात, तांदूळ' असे लिहून थांबणारा कोश महाराष्ट्राच्या पूर्वेकडील मोठ्या भूभागाला आपल्या हिशेबातून वगळतो.

या विवेचनावर एक आक्षेप हमखास येईल, आणि तो वजनदार आहे. राज्यकारभाराला, कायद्याला, शास्त्राला परिभाषा लागते. एका संज्ञेला प्रत्येक जिल्ह्यात वेगळा शब्द वापरला तर गोंधळ माजेल. भाषा संचालनालयाची स्थापना १९६० साली झाली ती याच गरजेतून. १९६२ चा पदनाम कोश आला तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याची 'बदनाम कोश' म्हणून टिंगल केली. पण त्यातील कितीतरी शब्द आज आपण विनासंकोच वापरतो. हे सर्व मला मान्य आहे. तथापि परिभाषा निश्चित करावयाची ती संकल्पनेची की इंग्रजी शब्दाची, हा प्रश्न आहे. 'एका संकल्पनेला एक मराठी शब्द' हा नियम शास्त्रशुद्ध आहे. 'एका इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द' हा नियम त्याच्यासारखा दिसतो. पण तो अगदी वेगळा असून इंग्रजीतील अनेकार्थता मराठीवर लादणारा आहे. पाझर तलाव, गावतलाव, बोडी आणि टाकी या चार संकल्पना आहेत. त्यांना चार निश्चित संज्ञा द्याव्यात. इंग्रजीत त्या चौघींना एकच आडनाव आहे, ही इंग्रजीची बाब झाली.

कोशांकडे पाहता हा दोष कोठून आला हे कळते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा आणि त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. मोल्सवर्थने आरंभलेला आणि कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. त्यांच्या परिश्रमाला तोड नाही. परंतु नागपूरचे राज्य १८५३ पर्यंत भोसल्यांकडे होते. मुंबई इलाख्यात शब्द गोळा करणाऱ्या त्या मंडळींच्या कानी झाडीपट्टीची बोली पडण्याचा संभव कमीच. पुढे दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ने १९३२ ते १९३८ या काळातील आपल्या सात विभागांत प्रादेशिक शब्दांपुढे कोकण, वऱ्हाड, नागपूर, गोवा अशा खुणा नोंदविल्या. मराठीतून मराठीत जाताना आपण प्रदेशाचे भान ठेवले. इंग्रजीतून मराठीत येताना ते सोडून दिले. इंग्रजी-मराठी कोशांच्या नव्या आवृत्त्यांत ही खूण का येऊ नये? डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीचे शब्द गोळा केले, त्यांचा अभ्यास केला. ती सामग्री बोलीविज्ञानाच्या कपाटात बंद राहते. अनुवादाच्या वर्गात ती कोणी उघडत नाही.

उपाय फार मोठे नाहीत आणि त्यांसाठी अनुदानाची वाट पाहण्याचेही कारण नाही. अनुवादाच्या पत्रिकेतील उतारे बहुधा विलायती निबंधांतून घेतलेले असतात. त्यांऐवजी निदान एक उतारा त्या त्या जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटिअरमधून अथवा जमाबंदीच्या अहवालातून घ्यावा. भंडाऱ्याच्या विद्यार्थ्याला तलावांविषयीचा, रत्नागिरीच्या विद्यार्थ्याला खाजणाविषयीचा, सोलापूरच्या विद्यार्थ्याला मागाविषयीचा उतारा मिळाला तर कोशाआधी त्याला घरच्या वडीलधाऱ्यांकडे जावे लागेल. तुमसरच्या मुलांपुढे चिखला किंवा डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींविषयीचा मजकूर ठेवता येईल. तेथे 'माइन' म्हणजे खाण की सुरुंग, हे त्यांना कोणी सांगावे लागणार नाही, आणि खाणकामगाराच्या तोंडचे असे कितीतरी शब्द हाती लागतील जे कोणत्याही कोशात नाहीत.

गुणदानाची पद्धत बदलणे अधिक अवघड, पण अधिक आवश्यक. आजची पद्धत अशी की आदर्श उत्तरातील शब्द आला तर गुण, न आला तर वजावट. यामुळे ज्या विद्यार्थ्याने 'बोडी' लिहिले त्याचे गुण जातात आणि ज्याने 'जलाशय' लिहिले त्याला मिळतात. माझ्या पाहण्यात असे घडले आहे. कोठे, कोणाकडून, हे सांगण्यात हशील नाही, कारण परीक्षक भंडाऱ्याबाहेरचा असणे हा काही अपराध नव्हे. विद्यार्थ्याने उताऱ्यातील तीन अनेकार्थी शब्द निवडावेत, प्रत्येकासाठी कोणते पर्याय विचारात घेतले, कोणता स्वीकारला आणि का, हे चार-चार ओळींत लिहावे, आणि गुण त्या कारणांना द्यावेत. मी वर्गात हे करून पाहते. आरंभी मुली-मुले 'कोशात होते म्हणून' असे लिहितात. तिसऱ्या-चौथ्या उताऱ्यापर्यंत 'आमच्या गावी याला असे म्हणतात, पण उताऱ्यात क्षेत्रफळ मोठे दिले आहे, म्हणून तलाव' अशी उत्तरे येऊ लागतात. हे शेवटचे वाक्य लिहिणाऱ्या मुलीने 'वाक्यपदीय' वाचलेले नव्हते.

पुढील वर्षीच्या पत्रिकेसाठी अभ्यासमंडळांनी हा एक प्रश्न विचारात घ्यावा, अशी माझी सूचना आहे. चार इंग्रजी वाक्ये द्यावीत : एका मालगुजाराने दुष्काळात तलाव बांधल्याचे, एका शेतकऱ्याने आपल्या धानाच्या वर बोडी काढल्याचे, एका शाळेच्या छतावर टाकी बसविल्याचे, आणि सीमेवर रणगाडे पाठविल्याचे. चारही वाक्यांत शब्द 'टँक' हाच असावा. कोश वापरण्यास मुभा असावी.